सर्पगंधेचे दोन परिणाम

१

'दुष्परिणाम' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याच्याकडे शब्द म्हणून पाहावे असे कोणाला सहसा सुचत नाही. औषधाच्या वेष्टनातील बारीक अक्षरांच्या कागदावर 'साइड इफेक्ट' या मथळ्याखाली जे छापलेले असते त्याला आपण दुष्परिणाम म्हणतो आणि कागद घडी करून ठेवून देतो. पण हे दोन शब्द एकच गोष्ट सांगत नाहीत. इंग्रजी संज्ञा जागा दाखवते : मुख्य परिणाम मध्यभागी आहे आणि हा त्याच्या कडेला आहे. मराठी शब्द निवाडा देतो : हा परिणाम वाईट आहे. एकात हेतूची उतरंड आहे, दुसऱ्यात नीतीची. औषधाला स्वतःला या दोहोंचा पत्ता नसतो. रक्तात मिसळलेले द्रव्य जिथे पोहोचते आणि जे करू शकते ते करते. त्यातले मुख्य कोणते आणि आनुषंगिक कोणते, चांगले कोणते आणि वाईट कोणते, हे आपण ठरवतो. आणि बहुधा आधी ज्याला बोलायला मिळाले तो ठरवतो.

रक्तदाब उतरवणाऱ्या एका औषधाचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. ते औषध म्हणजे सर्पगंधेचे मूळ आणि त्यातून निघालेले रिसर्पिन. विसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईच्या एका रुग्णालयातून हे औषध जगाच्या नजरेत आले. त्याने लक्षावधी लोकांचा रक्तदाब उतरवला, काहींचे मन विझवले, काहींचे हातपाय जखडले, आणि या सगळ्यातून मेंदूविषयी असे काही सांगितले जे त्याआधी कोणालाच ठाऊक नव्हते.

नागपूरशेजारच्या कामठीत औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्याला सर्पगंधा दोनदा भेटते. वनौषधींच्या विषयात तिचे वाकडेतिकडे, कडू मूळ आणि त्यातील अल्कलॉइडे; औषधक्रियेच्या विषयात रिसर्पिनचे कार्य आणि त्याच्या दुष्परिणामांची यादी. ही दोन प्रकरणे वेगवेगळ्या पुस्तकांत असतात. त्यांना जोडणारा इतिहास कोणत्याच प्रश्नपत्रिकेत येत नाही. तो साहित्याच्या विद्यार्थ्यांनी वाचावा असे मला वाटते, कारण त्यात जितका रसायनाचा भाग आहे तितकाच कथनाचाही आहे.

२

सुश्रुतसंहितेत 'सर्पगंधा' हे नाव विषचिकित्सेच्या संदर्भात येते. त्या नावाने ग्रंथकाराला नेमकी आजचीच वनस्पती अभिप्रेत होती का, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. प्राचीन वनस्पतिनामांच्या बाबतीत ही अडचण नेहमीचीच आहे. मात्र सापाशी असलेला संबंध पुढे टिकून राहिला. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या पोर्तुगीज ग्रंथात 'सापाच्या लाकडा'वर एक प्रकरण आहे, आणि सापाशी झुंजणारे मुंगूस ही वनस्पती खाऊन विषापासून स्वतःला वाचवते ही गोष्ट तिथे भेटते. त्यात वर्णिलेल्या प्रकारांपैकी एक म्हणजे सर्पगंधाच असावी असे मानले जाते. साहित्याच्या वाचकांसाठी या ग्रंथाची आणखी एक ओळख सांगता येईल : तो संवादरूपाने लिहिलेला आहे, आणि पोर्तुगीजांचा महाकवी कामोंइश याची छापून आलेली पहिली कविता याच औषधिग्रंथाच्या आरंभी आहे. ओर्ता यांच्या मृत्यूनंतर, १५८० साली, ते गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होते या आरोपावरून धर्मन्यायालयाने त्यांच्या अस्थी उकरून जाळल्या. औषधाच्या इतिहासात निवाडे किती दूरवर पोहोचतात याचे हे एक टोकाचे उदाहरण.

वनस्पतीचे शास्त्रीय नाव तर आणखीच दूरच्या गावाहून आले. रौवोल्फिया हे कुलनाम फ्रेंच वनस्पतिज्ञ प्ल्युमिए यांनी १७०३ साली ऑग्सबुर्गचे वैद्य लिओनहार्ट राउवोल्फ यांच्या स्मरणार्थ दिले. सोळाव्या शतकातील हे राउवोल्फ पश्चिम आशियात हिंडले, पण हिंदुस्थानात आले नाहीत. ज्याने हे झाड कधी पाहिले नाही त्याचे नाव झाडाला मिळाले, आणि ज्यांनी ते पिढ्यानपिढ्या वापरले त्यांनी ठेवलेली नावे बोलीभाषांत राहिली. हिंदी मुलखात तिला 'छोटा चांद' म्हणत. बिहारमध्ये या मुळाचे आणखी एक नाव होते : 'पागल की दवा'.

हे शेवटचे नाव महत्त्वाचे आहे. शास्त्रग्रंथांत विषावरचे औषध म्हणून आलेले हे मूळ लोकव्यवहारात वेड लागलेल्याला शांत करण्यासाठी, झोप न येणाऱ्याला झोपवण्यासाठी वापरले जात होते. म्हणजे ते मेंदूवर काम करते ही गोष्ट रक्तदाब मोजण्याचे यंत्र येण्याआधीपासून लोकांना ठाऊक होती. त्यांच्या लेखी तोच मुख्य परिणाम होता.

१९३१ हे वर्ष या कथेत दोनदा येते. त्या वर्षी दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी या मुळातून काही अल्कलॉइडे वेगळी केली. त्यातील एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवरचे नवे भारतीय औषध, अशी सर्पगंधेची ओळख त्याच्या शीर्षकातच होती. दोन्ही परिणाम एका ओळीत, एका पातळीवर. त्यांपैकी एक मध्यभागी आणि दुसरा कडेला, ही मांडणी अजून व्हायची होती.

३

ती मांडणी कशी झाली हे समजण्यासाठी त्या काळी उच्च रक्तदाबावर काय उपाय होते ते पाहावे लागेल. जवळजवळ काहीच नव्हते. मीठ वर्ज्य करणे, नुसता भात आणि फळे खाऊन राहणे, विश्रांती, आणि फारच झाले तर पाठीच्या कण्यालगतच्या चेतातंतूंचे जाळे कापून टाकणारी मोठी शस्त्रक्रिया. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. अनेक वर्षे त्यांचा रक्तदाब वाढत चालला होता आणि जगातील सर्वांत सामर्थ्यवान देशाच्या वैद्यांकडे तो उतरवण्याचे साधन नव्हते. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस जी नवी औषधे येऊ लागली ती इतकी उग्र होती की रोगी उभा राहिला की घेरी येऊन कोसळे.

या पार्श्वभूमीवर मुंबईच्या किंग एडवर्ड मेमोरियल म्हणजे केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा निबंध १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर त्यांनी सर्पगंधेच्या गोळ्यांचा प्रयोग केला होता. औषध नवे नव्हते. हिमालया कंपनीच्या 'सर्पिना' गोळ्या १९३४पासून बाजारात होत्या आणि भारतीय डॉक्टर त्या वापरत होते. वकिलांनी केले ते वेगळे होते. रक्तदाबाची नोंद आधी, नंतर, आणि औषध थांबवल्यावर, अशा क्रमाने ठेवून त्यांनी देशी अनुभवाला परदेशी नियतकालिकाच्या भाषेत बसवले. रक्तदाब सावकाश उतरतो, एकदम कोसळत नाही, आणि औषध थांबवल्यावरही काही काळ उतरलेला राहतो, हे त्यातून दिसले.

हा निबंध बॉस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनात आला आणि त्यांनी तेथे प्रयोग सुरू केले. त्यांचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले. रुग्ण गुंगीत न जाता शांत होतात ही गोष्ट त्यांच्याही लक्षात आली. दरम्यान १९५२ साली बाझेल येथील सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिट्लर आणि बाइन यांनी मुळातील मुख्य कार्यकारी द्रव्य वेगळे केले आणि त्याला रिसर्पिन हे नाव मिळाले. बाजारात ते 'सर्पासिल' या नावाने आले. १९५४ साली न्यू यॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरल्याचे जाहीर केले. बिहारच्या 'पागल की दवा'ची शास्त्रीय आवृत्ती न्यू यॉर्कमध्ये निघाली होती.

याच सुमारास एक नवा शब्दप्रयोग रूढ झाला. झोप न आणता शांत करणाऱ्या या परिणामाचे वर्णन करण्यासाठी सिबाचे योंकमन यांनी १९५३ साली जो शब्द वापरला त्यातून 'ट्रँक्विलायझर' ही संज्ञा घरोघरी पोहोचली. शब्द अगदी नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेचे वैद्य बेंजामिन रश यांनी वेड्यांना जखडून बसवण्यासाठी बनवलेल्या खुर्चीलाही हेच नाव होते. माणसाला जखडणाऱ्या खुर्चीचे नाव माणसाला शांत करणाऱ्या गोळीला मिळावे, हा भाषेने केलेला योगायोग पुढे काय दिसले ते पाहता दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही.

१९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि १९५८ साली पद्मभूषण. त्यांच्याबरोबर त्याच वर्षी लास्कर मिळालेल्यांत मनोविकारांवर औषधे वापरणारे क्लाइन आदी मंडळी होती. एकाच मुळाचे दोन परिणाम वेगवेगळ्या खात्यांतून एकाच वेळी गौरवले गेले. खाती मात्र आता वेगळी झाली होती. हृदयविकारतज्ज्ञाच्या दृष्टीने मनावरचा परिणाम कडेला गेला. मनोविकारतज्ज्ञाच्या दृष्टीने रक्तदाब उतरणे ही त्रासदायक गोष्ट ठरली. एकाचा मुख्य परिणाम तो दुसऱ्याचा दुष्परिणाम.

४

तक्रारी येऊ लागल्या त्या या दोन खात्यांच्या सीमेवर. १९५४ साली डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी दीर्घकाळ मोठ्या मात्रेत रिसर्पिन घेणाऱ्या पाच रक्तदाबाच्या रुग्णांविषयी लिहिले. त्यांचा रक्तदाब सुधारला होता; पण मन खचले होते. पुढच्याच वर्षी असे आणखी अहवाल आले. नाक चोंदणे, सुस्ती, वजन वाढणे, नाडी मंद होणे, भयानक स्वप्ने या आधीच्या किरकोळ तक्रारींच्या यादीत आता विषाद आला, आणि त्याच्या मागोमाग आत्महत्येचे भय.

मनोरुग्णालयांत मात्रा कितीतरी पट मोठ्या होत्या आणि तिथे दुसरे काही दिसत होते. चेहऱ्यावरचे भाव गोठणे, हाताला कंप, अंग ताठ होणे, पावले घासत चालणे. हे चित्र वैद्यांच्या ओळखीचे होते. इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली वर्णिलेल्या आणि आपल्याकडे 'कंपवात' म्हणून परिचित असलेल्या रोगाचे ते हुबेहूब रूप होते. फरक एवढाच की हा कंपवात औषध थांबवल्यावर काही दिवसांनी वा आठवड्यांनी ओसरत असे. लोझानच्या श्टेक यांनी १९५४ सालीच क्लोरप्रोमाझीन आणि रिसर्पिन या दोन्ही औषधांच्या बाबतीत ही लक्षणे नोंदवली. आणि येथे 'दुष्परिणाम' या शब्दाची विचित्र कोंडी झाली : ही लक्षणे दिसू लागली म्हणजेच मात्रा पुरेशी झाली, असे मानणारा एक मतप्रवाह मानसोपचारात निर्माण झाला. अनिष्ट परिणाम हीच इष्ट परिणामाची खूण ठरली. रश यांची खुर्ची आठवते ती इथे.

त्या काळातील अहवाल वाचताना साहित्याच्या वाचकाला एक गोष्ट खटकते. रुग्ण तिथे वाक्यात बोलत नाही, लक्षणात बोलतो. कोणी म्हणाले असेल की कशात जीव रमत नाही. कोणी म्हणाले असेल की सकाळी उठावेसे वाटत नाही, हातपाय आपले वाटत नाहीत. अहवालात त्याचे 'विषाद' आणि 'मंदगती' होते. हा अनुवाद आवश्यकच आहे. त्याशिवाय पाच माणसांचे पाच अनुभव एका निष्कर्षात बांधता येणार नाहीत. पण प्रत्येक अनुवादात होते तसे यातही काही गळते. 'मन मेले' आणि 'हात हलत नाही' या तक्रारी एकाच माणसाच्या, एकाच दिवसाच्या असू शकतात. त्यांची दोन नावे झाली की त्या दोन तज्ज्ञांकडे जातात. ज्याचा चेहरा गोठला आहे, बोलणे मंदावले आहे, तो माणूस दुःखी आहे की जखडलेला आहे, हा प्रश्न त्यामुळे अनेक वर्षे नीट विचारलाच गेला नाही.

५

उत्तराची पहिली वाट सशांनी दाखवली.

१९५५ साली अमेरिकेतील ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत प्लेचर आणि शोर यांच्यासह केलेल्या कामातून दिसले की रिसर्पिन दिल्यावर शरीरातील सेरोटोनिन या द्रव्याचे साठे रिकामे होतात. त्या प्रयोगशाळेत काही काळ काम करून स्वीडनला परतलेल्या आर्विद कार्लसन यांनी पुढचा प्रश्न विचारला : आणखी काय रिकामे होते? रिसर्पिन दिलेले ससे कान पाडून निश्चल पडून राहत. १९५७ साली कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्राण्यांना एल-डोपा हे द्रव्य टोचले. थोड्याच वेळात ससे कान टवकारून हिंडू लागले. सेरोटोनिनचा साठा भरून काढणाऱ्या द्रव्याने मात्र असे घडले नाही. एल-डोपापासून शरीरात डोपामीन बनते. तोवर डोपामीनला स्वतंत्र काम नाही, ते दुसरे द्रव्य बनताना लागणारी मधली पायरी आहे, असा समज होता. कार्लसन यांनी ते मेंदूतील निरोप वाहणारे स्वतंत्र द्रव्य आहे, आणि त्याची उणीव म्हणजेच कंपवाताची किल्ली असावी, असे सुचवले. १९६० साली लंडनच्या परिषदेत ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी त्यावर अविश्वास दाखवला. पण त्याच वर्षी व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्नीकिएविच यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूंची तपासणी करून तिथे डोपामीन खरोखरच फार कमी असल्याचे दाखवले. १९६१ साली व्हिएन्नातच रुग्णांना एल-डोपा टोचण्यात आले, आणि १९६७ साली न्यू यॉर्कच्या कोट्झियस यांनी मोठ्या मात्रेत तोंडाने देण्याची रीत बसवली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रिसर्पिन नेमके काय करते हे आता स्पष्ट आहे. चेतापेशीत निरोपाची द्रव्ये बारीक पिशव्यांत साठवलेली असतात. ती पिशवीत भरणारे एक प्रथिन असते. रिसर्पिन त्यालाच निकामी करते. पिशवीबाहेर राहिलेले द्रव्य पेशीतच नष्ट होते. धमन्यांकडे जाणाऱ्या चेतातंतूंत असे झाले की धमन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. मेंदूत झाले की हालचाल मंदावते, मन सुस्तावते. निकामी झालेले प्रथिन पुन्हा घडेपर्यंत काही दिवस वा आठवडे जातात, म्हणून औषध थांबवूनही परिणाम रेंगाळतो. वकिलांनी १९४९ साली नोंदवलेल्या रेंगाळणाऱ्या गुणाचे कारण हेच. येथे दोन क्रिया नाहीत. क्रिया एकच आहे, साठे रिकामे करण्याची. ती दंडाला पट्टा बांधून मोजली की तिचे नाव उपचार, आणि चेहऱ्यावर दिसली की तिचे नाव दुष्परिणाम.

या कथेला एक भारतीय जोडही आहे. कंपवाताचा उतारा ठरलेले एल-डोपा १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुयलीच्या बियांतून वेगळे काढले होते. रानात अंगाला लागली की आग करणारी हीच ती वेल. पुढे त्या बियांचे चूर्ण कंपवाताच्या रुग्णांवर वापरून पाहण्याचे प्रयोग भारतात झाले. एका रानमुळाने जे हिरावून घेतले ते दुसऱ्या रानवेलीच्या बीत होते. पण दोघांमधला संबंध ना मुळात लिहिलेला होता ना बीत. तो जुळवण्यासाठी निश्चल पडलेले ससे लागले, प्रयोगशाळा लागली, आणि दुष्परिणामाला कडेला न सारता त्यालाच प्रश्न विचारणारे मन लागले.

६

इथवर आलेली कथा नीटनेटकी वाटते. तिचा दुसरा अर्धा भाग इतका नीट नाही.

कंपवाताचा प्रश्न जसा सुटला तसाच विषादाचाही सुटेल अशी आशा निर्माण होणे स्वाभाविक होते. रिसर्पिन साठे रिकामे करते. रिसर्पिनमुळे माणसे खिन्न होतात. म्हणून खिन्नता म्हणजे त्या साठ्यांची उणीव. १९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी मांडलेल्या प्रसिद्ध उपपत्तीचा हा एक मोठा आधार होता. तिथून पुढे 'मेंदूतील रसायनांचा असमतोल' हा वाक्प्रचार जगभर पसरला आणि मराठी वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्यांतही स्थिरावला.

पण पुरावा पुन्हा वाचू लागले की पाया डळमळतो. १९५५ सालीच लंडनमध्ये डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंतातुर आणि खिन्न रुग्णांवर रिसर्पिनची तुलना औषधहीन गोळीशी केली होती, आणि रिसर्पिन घेतलेले रुग्ण अधिक सुधारले होते. हा निबंध प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला आणि जवळजवळ विसरला गेला. २००३ साली बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी सगळ्या जुन्या नोंदी तपासून 'रिसर्पिनने विषाद होतो' हे विधान जितके पक्के समजले गेले तितके ते कधीच नव्हते, असे दाखवले. ज्यांना विषाद झाला असे म्हटले गेले त्यांतील अनेकांना पूर्वीही तसा आजार होऊन गेला होता. अनेकांचा 'विषाद' म्हणजे सुस्ती आणि गोठलेपण होते. आणि मात्रा, त्या तर बहुतेक फार मोठ्या होत्या.

मात्रेचा मुद्दा डॉ. फ्राइस यांच्याच उदाहरणातून उत्तम कळतो. १९५४ साली रिसर्पिन आणि विषाद यांचा संबंध लिहिणाऱ्या या डॉक्टरांनीच पुढे अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत तो मोठा अभ्यास चालवला ज्याने, १९६७ आणि १९७० साली, उच्च रक्तदाब औषधाने उतरवला तर माणसे वाचतात हे प्रथमच निर्विवाद सिद्ध केले. त्या अभ्यासातील औषधांत रिसर्पिन होते, लहान मात्रेत आणि इतर औषधांच्या जोडीने. १९९१ साली साठ वर्षांवरील ४,७३६ लोकांवरच्या अमेरिकन अभ्यासातही पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. त्यातही गरजेनुसार पूरक औषध म्हणून अगदी अल्प मात्रेत रिसर्पिन वापरले गेले होते.

तरीही औषध मागे पडले. एकदा 'हे औषध माणसाला आत्महत्येकडे नेते' ही कथा प्रसृत झाली की लहान मात्रेचे आकडे तिला पुसू शकत नाहीत. १९७४ साली स्तनांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध जोडणारे निबंध आले. पुढील अभ्यासांत तो संबंध टिकला नाही, पण भीती टिकली. शिवाय नवी औषधे आली होती, आणि ज्याचा एकाधिकार संपला आहे अशा स्वस्त गोळीची बाजू मांडायला बाजारात कोणी उभे राहत नाही.

सुरुवातीला रुग्णाचे ऐकले गेले नाही, आणि नंतर रुग्णाच्या नावाने एक कथा इतकी ऐकली गेली की तिच्यापुढे पुरावा ऐकू येईना. हे दोन्ही दोष ऐकण्याचेच आहेत. गोठलेल्या चेहऱ्याला 'शांत' म्हणणे ही एक घाई. त्यालाच 'दुःखी' म्हणणे ही दुसरी.

७

आज रिसर्पिन फारसे लिहून दिले जात नाही, पण त्याचा धडा जुना झालेला नाही. गरोदरपणात वापरले जाणारे मेथिलडोपा हे रक्तदाबाचे औषधही मेंदूवर परिणाम करते आणि सुस्ती आणू शकते, क्वचित कंपवातासारखी लक्षणेही. ओकारीवरच्या, चक्करीवरच्या काही साध्या औषधांनी वृद्धांचे हात थरथरू लागतात, पाऊल अडखळते. अशा वेळी आपल्या घरांत एक वाक्य तयार असते : आता वय झाले. कामठी असो की मुंबई, आजोबांचा चहाचा कप बशीत खुळखुळू लागला की आपण वयाकडे बोट दाखवतो, गोळ्यांच्या डब्याकडे पाहत नाही. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे धोक्याचे आहे, विशेषतः रक्तदाबाची. पण 'हे कधीपासून सुरू झाले, आणि त्याआधी कोणते नवे औषध सुरू झाले होते' हा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवणे प्रत्येकाच्या हातात आहे. कार्यकारणाचा आरंभ कालक्रमापासून होतो, हे कथनमीमांसा शिकणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

दुसरा धडा आपल्या आवडत्या समजुतीविषयी आहे. वनस्पतीच्या औषधाला दुष्परिणाम नसतात असे आपल्याकडे मोठ्या विश्वासाने म्हटले जाते. सर्पगंधा घनवटी आजही दुकानांत मिळते आणि ती निरुपद्रवी आहे असे समजून घेणारे लोक असतात. मुळात जे रिसर्पिन आहे ते गोळीतल्या रिसर्पिनहून वेगळे नाही. ज्या अर्थी मूळ गुण देते त्या अर्थी ते अवगुणही देऊ शकते. दोन्ही त्याच्या सामर्थ्याचीच रूपे आहेत. 'देशी म्हणून निर्दोष' या म्हणण्यात त्या मुळाचा गौरव नाही, त्याच्या सामर्थ्याविषयीचे अज्ञान आहे. आणि 'झाडपाला म्हणून निरुपयोगी' म्हणणाऱ्यांना केईएमचा १९४९चा निबंध पुरेसे उत्तर देतो. पन्नाशीच्या दशकात या मुळाला परदेशांतून इतकी मागणी आली की भारत सरकारला निर्यातीवर बंधने घालावी लागली. पुढे ही वनस्पती आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी संरक्षित यादीत गेली. एका उपटलेल्या मुळाच्या मागे रिकामा झालेला डोंगरउतार हाही त्या औषधाचाच परिणाम. तो कोणत्याही वेष्टनातल्या कागदावर छापलेला नाही.

'दुष्परिणाम' हा शब्द आपण टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. व्यवहाराला तो लागतो, आणि रुग्णाला तर तो हक्काने लागतो. कारण 'मला हे नको आहे' असे सांगण्याची सोय त्या 'दुष्'मध्ये आहे. मात्र तो वापरताना त्यामागचा निवाडा कोणी दिला, कोणत्या बाजूने पाहून दिला, आणि निवाड्याआधी साक्ष कोणाची घेतली, एवढे विचारण्याची सवय असावी. साहित्याचे शिक्षण याहून फार वेगळे काही शिकवत नाही.